‘फाऊल कर!’ असं कोच ओरडतात तेव्हा

प्रश्न कोथरूडच्या एका वडिलांचा आहे. मुलगी पंधरा वर्षांची, शाळेच्या सतरा वर्षांखालच्या संघातून बास्केटबॉल खेळते. आंतरशालेय सामन्याचं शेवटचं मिनिट, संघ तीन गुणांनी मागे, चेंडू समोरच्यांकडे. कोच बाहेरून ओरडले, ‘फाऊल कर!’ मुलीने धावत जाऊन समोरच्या मुलीला मागून कंबरेत मिठी मारली. पंचांनी अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल दिला आणि सामना गेला. घरी आल्यावर, एके काळी पेठेतल्या मंडळाकडून कबड्डी खेळलेले आजोबा म्हणाले, ‘हा रडीचा डाव.’ कोच म्हणतात, हा खेळाचाच भाग आहे. वडील विचारतात, खरं कोणाचं? आणि उद्या तिने असा फाऊल करायला नकार दिला तर चालेल का?

मी या खेळात आधी खेळाडू होतो, मग कोच झालो आणि बरीच वर्षं शिट्टी घेऊन पंच म्हणूनही उभा राहिलो. माझं मत सरळ सांगतो. कोचचं म्हणणं बरोबर आहे. पण हा फाऊल त्यांनी मुलीला कधी शिकवलाच नव्हता, आणि न शिकवता ‘कर’ म्हणून ओरडणं मला मान्य नाही. आजोबांच्या बोलण्यातही दम आहे, फक्त त्यांचा रोख चुकीच्या ठिकाणी लागलाय.

आधी त्या मिनिटाचा हिशेब बघा. समजा चाळीस सेकंद उरलीत. समोरच्या संघाला बास्केटकडे चेंडू टाकायला २४ सेकंद मिळतात आणि ते ती सगळी वापरणार. तुम्ही साधा बचाव केलात तर चेंडू हातात येईपर्यंत सोळा सेकंद उरतील, तीही त्यांचा शॉट चुकला तर. फाऊल केला की घड्याळ थांबतं. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी एकात, संघाचे चार फाऊल झालेले असतील, तर पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे रेषेवर उभं राहून कोणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकायची संधी, प्रत्येकी एका गुणाची. ते झाले की चेंडू तुमचा. म्हणजे तुम्ही जास्तीत जास्त दोन गुण देऊन वेळ विकत घेता. समोरची मुलगी दोन्ही फ्री थ्रो टाकते तेव्हा हा सौदा अंगाशी येतो. चोरून घेतलेलं यात काहीच नाही. पंच बघतात, शिट्टी वाजते, फाऊल करणारी हात वर करते, तिच्या खात्यावर एक फाऊल चढतो आणि पाच झाले की ती बाहेर.

याला रडी म्हणायचं का, हे ठरवायला मी एक साधी खूण वापरतो. लक्ष्मी रस्त्यावर नो पार्किंगमध्ये गाडी लावणारे दोन जातींचे असतात. एकाची गाडी उचलली की त्याला खरोखर ओशाळं होतं. दुसऱ्याने आधीच हिशेब केलेला असतो की जागा शोधत अर्धा तास फिरण्यापेक्षा दंड परवडला. वाहतूक शाखेच्या लेखी ती शिक्षा असते आणि याच्या लेखी भाडं. रस्त्यावर हा दुसरा माणूस चुकतोच, कारण तो दंड भाडं म्हणून ठेवलेलाच नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र नियम करणाऱ्यांनी स्वतःच काही फाऊल दरपत्रकावर मांडलेत आणि काही मांडलेले नाहीत. कुठला कुठे आहे हे ओळखणं अवघड नाही. फाऊलनंतर समोरच्याला फक्त फ्री थ्रो मिळत असतील, तर त्या फाऊलला दर आहे. फ्री थ्रो मिळून वर चेंडूही त्यांच्याकडेच राहत असेल, तर नियम सांगतो आहे की हे आम्हाला नकोच आहे, यात तुमचा फायदा होऊ देणार नाही.

अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल या दुसऱ्या जातीचा. दोन फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांचाच, आणि असे दोन झाले की खेळाडू सामन्यातून बाद. चेंडूसाठी खरा प्रयत्न न करता नुसतं माणसाला धरलं, विनाकारण जोरात आदळलं, किंवा जलद हल्ला तोडायला उगाच आडवं आलं की तो लागतो. तुमच्या मुलीची मिठी यात चपखल बसली. पंचांनी डोक्यावर हात नेऊन एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं असेल, ती हीच खूण.

२०२२ पासून फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमांत आणखी एक भर पडली. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत, चेंडू अजून बाहेरून आत टाकायचा असतानाच बचाव करणाऱ्याने आतल्या कोणाला फाऊल केला, तर एक फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांच्याकडेच. कारण उघड आहे. घड्याळ एक सेकंदही न हलता संघ फाऊल करायला लागले होते. चेंडू आत येऊ दे, मग फाऊल कर, असं नियम सांगतो. म्हणजे शेवटच्या मिनिटातला फाऊल नियम करणाऱ्यांना ठाऊक आहे आणि त्यांनी तो ठेवलाय. तो कसा करायचा एवढंच बांधून दिलंय.

हे दर एकदाच ठरून थांबलेले नाहीत. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आघाडी मिळाली की संघ चेंडू धरून बसायचे आणि मागे असलेले फाऊल करत सुटायचे. १९५३ च्या प्लेऑफमध्ये चार जादा डावांपर्यंत लांबलेल्या एका सामन्यात बोस्टनच्या बॉब कुझीने ५० गुण केले, त्यातले ३० फ्री थ्रोचे. प्रेक्षकांनी पैसे मोजून बघायचं ते काय, एक माणूस रेषेवर उभा राहून चेंडू टाकतोय! १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं आणि त्याच हंगामापासून प्रत्येक क्वार्टरमध्ये संघाच्या फाऊलांवरही मर्यादा आली. फाऊल करण्यातली नैतिकता कोणी कीर्तनातून सुधारली नाही, हिशेब बदलला आणि वागणं बदललं.

मग आला ‘हॅक-अ-शॅक’. एनबीएतल्या शकील ऊर्फ ‘शॅक’ ओनीलचे फ्री थ्रो कारकिर्दीत ५२.७ टक्के पडले. तेव्हा त्याच्याकडे चेंडू असो वा नसो, त्यालाच धरायचं. या क्लृप्तीचे जनक कोच डॉन नेल्सन. त्यांनी ती आधी डिसेंबर १९९७ मध्ये शिकागोच्या डेनिस रॉडमनवर करून पाहिली. रॉडमनने बारापैकी नऊ फ्री थ्रो टाकले, फाऊल करायला पाठवलेला बिचारा बबा वेल्स तीन मिनिटांत सहा फाऊल करून (एनबीएत मर्यादा पाचची नाही, सहाची) बाहेर गेला आणि सामना शिकागोने जिंकला. २०१६ च्या जानेवारीत ह्यूस्टनने डेट्रॉइटच्या आंद्रे ड्रमंडवर हेच केलं. त्याने एका सामन्यात २३ फ्री थ्रो चुकवले, तो विक्रमच झाला, आणि तरीही जिंकलं डेट्रॉइट. गणित करून बघा. दहापैकी पाच टाकणारा माणूस दोन फ्री थ्रोंमागे सरासरी एक गुण मिळवतो, आणि एनबीएतला संघ त्या काळी चेंडूच्या एका ताब्यामागे साधारण एवढेच गुण करत असे. म्हणजे एवढा गदारोळ करून हाती फारसं काही लागतच नव्हतं! त्याच वर्षी लीगने नियम कडक केला. चेंडूपासून लांब असलेल्याला मुद्दाम फाऊल केला तर एक फ्री थ्रो आणि चेंडू परत, हे आधी फक्त सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांना लागू होतं. ते प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लावलं.

हॅक-अ-शॅक मला कुरूप वाटतं, अन्याय मात्र वाटत नाही. उपाय ज्याच्यावर फाऊल होतो त्याच्याच हातात असतो. फ्री थ्रो शिका. कोणी अडवत नाही, अंगावर कोणी येत नाही, रेषा तीच, अंतर तेच. मोठ्या, पूर्ण वाढलेल्या, पगारी खेळाडूला हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

चौदा वर्षांखालच्या मुलांना मात्र मी हे सांगणार नाही, आणि आजोबांचा आक्षेप मला इथे पटतो. त्या वयात दहापैकी तीन फ्री थ्रो पडले तरी खूप, काहींचा चेंडू रिंगपर्यंत पोचत नाही. मग हिशेब पार बदलतो. दोन फ्री थ्रोंमागे सरासरी अर्ध्या गुणाच्या थोडं वर, म्हणजे पहिल्या मिनिटापासून फाऊल करणंच फायद्याचं. नियमाचं पुस्तक तेच, पण दर इतका पडलेला की तो दर राहतच नाही. शिवाय संघातली सगळ्यांत कच्ची मुलगी हेरून तिलाच पुन्हा पुन्हा रेषेवर उभं करायचं, तिने चुकवायचं, समोरच्या बाकावरून टाळ्या पडायच्या. अशा स्पर्धांना मी पंच म्हणून उभा राहिलोय. जिंकलेल्या संघाच्या मुलांनीही त्या दिवशी बास्केटबॉल म्हणावा असा काही खेळलेला नसतो. पालकांचा जीव दहावीच्या क्रीडागुणांत अडकलेला असतो हे मला ठाऊक आहे, पण ते गुण मिळवायला लहान मुलांचा खेळ मोडू नये. मी चौदाच्या आत मुद्दाम फाऊल शिकवत नाही. सतराखाली शिकवतो, आणि नीट शिकवतो.

आजोबांच्या कबड्डीकडे वळतो, कारण त्यांची चीड तिथून आलेली असणार. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम तोडायला त्याचं तोंड मुद्दाम दाबलं, तर तो बाद धरला जात नाही. पकड कितीही मजबूत असो, व्यर्थ. खो-खोतही तसंच. त्या खेळाची नियमबांधणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या डेक्कन जिमखान्यातच सुरू झाली. पाठलाग करणाऱ्याने दिशेचा फाऊल केला की पंच त्याला मागे फिरवतात, आणि त्या फाऊलमुळे गडी बाद झाला असेल तर तो बाद धरत नाहीत. आपल्या मातीतल्या या खेळांमध्ये फाऊलने जे मिळवलं ते तिथल्या तिथे काढून घेतात. अशा खेळात वाढलेल्या माणसाला ‘फाऊल करून वेळ विकत घे’ हे ऐकून मळमळणारच. त्यांच्या मैदानावर फाऊलला दरच नव्हता. पण त्याच कबड्डीत आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढायचा, फाऊल न करता, सगळं नियमात. त्यावर उपाय म्हणून पुढे ‘करो या मरो’ चढाई आणावी लागली. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणा, नाहीतर बाद व्हा. तेव्हा रडीचा डाव फाऊलमधूनच होतो असं आजोबांनीही म्हणू नये.

फुटबॉलचं उदाहरण प्रत्येक वादात निघतं, म्हणून घेतो. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, उरुग्वे विरुद्ध घाना, १–१, जादा वेळेचा शेवटचा क्षण. घानाच्या अदियाचा हेडर गोलात चाललेला उरुग्वेच्या लुइस सुआरेझने रेषेवर उभं राहून दोन्ही हातांनी अडवला. लाल कार्ड, पेनल्टी. असामोआ ग्यानची पेनल्टी आडव्या खांबाला लागून वर गेली, आणि शूटआउटमध्ये उरुग्वे ४–२ ने जिंकलं. अख्खी आफ्रिका अजून त्याला माफ करत नाही. माझ्या मते सुआरेझ फसवा नव्हता. सगळ्या जगासमोर हात वर केला, शिक्षा घेतली, उपांत्य सामन्याला मुकला. १९८६ मध्ये मॅराडोनाने हाताने गोल केला आणि पंचांना तो डोक्याने केल्याचं भासवलं, ती फसवणूक. या दोघांना एका रांगेत बसवणारे लोक मला कळत नाहीत. तरी घानावर अन्याय झालाच, आणि तो फुटबॉलच्या नियमाने केला. शंभर टक्के गोल गेला आणि बदल्यात मिळाली चुकू शकणारी पेनल्टी. बास्केटबॉलमध्ये शॉटचा चेंडू रिंगकडे खाली येत असताना बचाव करणाऱ्याने त्याला हात लावला तर बास्केट झाली असं धरून गुण देतात. रग्बीत फाऊलमुळे नक्की होणारा ट्राय हुकला तर पंच पेनल्टी ट्राय देतात, सरळ सात गुण. फुटबॉलमध्ये पंचाला गोल बहाल करण्याची सोयच नाही. २०२१ मध्ये वेम्ब्लीवर, युरोच्या अंतिम सामन्यात, इटलीच्या कियेलिनीने निसटलेल्या इंग्लंडच्या साकाची कॉलर मागून ओढली आणि पिवळ्या कार्डावर भागलं. नियम इतका स्वस्त दर लावत असेल तर खेळाडू तो मोजणारच.

पुण्यात खेळावर लिहून क्रिकेट टाळणं शक्य नाही, पण थोडक्यात उरकतो. २०१० मध्ये दांबुलाला सेहवाग ९९ वर, भारताला एक धाव हवी, आणि सूरज रणदीवने मुद्दाम नो-बॉल टाकला. सामना तिथेच संपला, सेहवागचा षटकार धरला गेला नाही. श्रीलंकेचा संघ हरतच होता, त्यातून त्यांना काही मिळालं नाही, फक्त एका माणसाचं शतक गेलं. डावपेच म्हणायचा तर त्यातून सामन्याचं काहीतरी साधायला हवं. हा निव्वळ कोतेपणा, आणि त्यांच्या मंडळानेच त्याला एका सामन्यासाठी बसवलं. नॉन-स्ट्रायकरला धावबाद करण्याचा वाद मी यात धरतच नाही. तो फाऊल नाही, नियमातला बाद आहे, आणि क्रीझ सोडून धाव चोरणारा फलंदाज असतो.

आता तुमच्या मुलीचं काम. हा फाऊल शिकवताना मी पहिलं सांगतो ते फलकाकडे बघायला. संघाचे फाऊल किती झालेत? दोनच झाले असतील तर पुढच्या दोन फाऊलांवर फ्री थ्रो नाहीत, नुसता चेंडू पुन्हा आत येतो, म्हणजे घड्याळ थांबवायचे ते दोन झटपट उरकून मग तिसरा. अशा वेळी एक मिनिट उरल्यावर जागं होऊन चालत नाही. दुसरं, फाऊल कोणी करायचा हे टाइम-आउटमध्येच ठरवायचं. जिच्या खात्यावर चार आहेत तिने लांब राहायचं. तिसरं, चेंडू आत आल्यावर, ज्या मुलीचे फ्री थ्रो कच्चे आहेत तिच्या हातात जाईल तेव्हा. ते दिसत नसेल तर चेंडू असलेल्या कोणालाही, पण लगेच. पाच सेकंद पाठलाग करून मग फाऊल केला तर विकत घ्यायचा तो वेळच आपण उधळला.

आणि हात कुठे? चेंडूवर. समोरून किंवा थोडं बाजूने, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, चेंडूच्या खालून वर हात मारायचा. मनगटाला लागेल, फाऊल होईल, पण प्रयत्न चेंडूचाच. मागून नाही, शर्ट नाही, कंबर नाही. ती शॉटला उठली असेल तर अजिबात नाही. तिथे दोन-तीन फ्री थ्रो जातातच, आणि हवेतल्या माणसाला धक्का लागला की तो कसा पडेल हे कोणाच्या हातात नसतं. आपल्या बऱ्याच शाळांची कोर्टं सिमेंटची आहेत आणि बास्केटच्या खांबांना गादीही नसते. अशा कोर्टवर उडी मारलेल्या मुलीला ढकलणाऱ्याला मी डावपेचाची सवलत देत नाही, मग पंचांनी साधा फाऊल दिला असला तरी.

थोडा दोष आम्हा पंचांचाही. शेवटच्या मिनिटात मुलगी हलका स्पर्श करते, पंच ‘खेळू द्या’ म्हणून शिट्टी गिळतात, दोन सेकंद जातात. मग मुलगी जोरात मारते, मग आणखी जोरात, आणि तिसऱ्या वेळी पंच मनगट धरून अनस्पोर्ट्समनलाइक देतात. खूप वेळा मोठ्या मारामारीची सुरुवात या गिळलेल्या शिट्टीत असते. संघ मागे आहे, घड्याळ थांबवायला बघतोय हे दिसत असताना पहिल्याच योग्य स्पर्शाला शिट्टी वाजवावी. नव्या पंचांना मी हे आवर्जून सांगायचो. चांगले कोचही अशा वेळी पंचांना शांतपणे सांगून ठेवतात, ‘सर, आम्ही फाऊल करणार आहोत.’ यात लपवण्यासारखं काही नाही.

राहिला नकाराचा प्रश्न. तिला हा फाऊल करावासा वाटत नसेल तर तिने कोचना आधी सांगावं, सरावाच्या वेळी, सामन्याची चाळीस सेकंद उरलेली असताना नाही. समजूतदार कोच शेवटच्या मिनिटात तिच्याऐवजी दुसरी मुलगी आत पाठवतील, किंवा तिला फाऊलऐवजी चेंडू आत येताना अडवायचं काम देतील, तेही तितकंच लागतं. संघ पुढे असताना मात्र तिला आत ठेवायला सांगा आणि तिचे फ्री थ्रो पक्के करून घ्या. पळून दम लागलेला असताना, सरावाच्या अगदी शेवटी, दोन दोनच्या जोड्यांत. कारण त्या वेळी समोरच्या संघाचे कोच बाहेरून तेच ओरडत असतील, आणि फाऊल तिच्यावर होणार असेल.